आई पायबॉल्ड, बाप हेट, आणि सहाही पिल्लं साधी. मला गंडवलं का?

वेटोळे
नमस्कार मंडळी. चार वर्षं वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

माझ्याकडे बॉल पायथन जातीच्या अजगरांची जोडी आहे. मादी पायबॉल्ड, म्हणजे अंगावर मोठमोठे पांढरेशुभ्र पट्टे. ती पूर्ण वाढलेली असतानाच गेल्या वर्षी माझ्याकडे आली. नर दिसायला अगदी साधा, पण '१००% हेट पायबॉल्ड' म्हणून घेतलेला, म्हणजे रंग दिसत नाही पण त्याच्या जनुकाची एक प्रत अंगात नक्की. त्याला मी अंड्यातून आल्यापासून वाढवलंय. दोघांचं मीलन माझ्या डोळ्यांसमोर तीन वेळा झालं. सहा अंडी, ३१.५ अंशांवर ५७ दिवस. एकही वाया गेलं नाही.

पहिल्या अंड्याला चीर पडली तेव्हा मी विजेरी घेऊन बसलो होतो. नाकपुडीएवढी फट, त्यातून एक बुडबुडा, मग थुंथनं. तसंच डोकं बाहेर ठेवून ते पिल्लू दीड दिवस नुसतं बघत बसलं. सगळं बाहेर आलं तेव्हा कळलं, पांढरा ठिपकासुद्धा नाही. मग दुसरं, तिसरं, सहावं. सगळी तपकिरी-काळी. दोन जरा जास्त पिवळी आहेत, पण पिल्लं असतातच तशी.

हिशेबाने निम्मी पायबॉल्ड यायला हवी होती ना? नर हेट नाहीच, असंच ना हे?

मेंडेलचा_वाटाणा
अभिनंदन, सहाच्या सहा फुटली ही आधी मोठी गोष्ट.

आता हिशेब. पायबॉल्ड अप्रभावी आहे, म्हणजे जनुकाच्या दोन्ही प्रती बदललेल्या असतील तरच अंगावर दिसतो. मादीकडे दोन्ही बदललेल्या, ती प्रत्येक पिल्लाला एक देणारच. नर खरा हेट असेल तर त्याची एक बदललेली, एक साधी. प्रत्येक अंड्याला वेगळं नाणं उडतं. सहा अंड्यांत एकदाही हवी ती बाजू न पडण्याची शक्यता १/६४, दीड टक्क्याच्या आसपास.

'निम्मी यायला हवी होती' हे वाक्य मात्र डोक्यातून काढा. निम्मी ही हजार अंड्यांची सरासरी आहे. सहा अंड्यांना ती माहीत नसते.

तिरकस
सहा अंड्यांना सरासरी माहीत नसते. हे लिहून भिंतीवर लावतो.

अर्धवट_हेट
माझं नाव बघा आणि समजा मी काय भोगलंय ते. =))

हेट गुणिले हेट केलं होतं, पाच अंडी, एकही अल्बिनो नाही. तिथे तर एकही न येण्याची शक्यता जवळपास २४% असते, म्हणजे चौघांत एकाला हा अनुभव येणारच. तो एक मी. दुसऱ्या खेपेला सातांत तीन आले.

आणि वेटोळे, कागदावर नक्की '१००%' लिहिलंय का बघा. '६६% हेट' हा वेगळा प्राणी. दोन हेटांची जी पिल्लं साधी दिसतात त्यांच्यात तीनांतली दोन हेट असतात, एक नसतं, बाहेरून सगळी सारखीच. त्याला ६६% म्हणतात. 'साप ६६ टक्के हेट आहे' असं काही नसतं, तो एकतर आहे नाहीतर नाही. टक्के आपल्या अज्ञानाचे.

मेंडेलचा_वाटाणा
@अर्धवट_हेट, शेवटचं वाक्य झकास. आणि त्याच धाग्याने: नर ६६% वाला असता, तर या सहा साध्या पिल्लांनंतर तो हेट असण्याची शक्यता ३ टक्क्यांवर आली असती. १००% वाला असेल तर गणित त्याला खोटं ठरवत नाही, फक्त भुवया उंचावतं. मग प्रश्न जनुकांचा उरत नाही, विकणाऱ्याच्या शब्दाचा उरतो.

वेटोळे
कागदावर १००% च आहे. त्याच्या बापाचा फोटोही दिला होता, तो पायबॉल्ड होता. पण फोटो काय, कुणाचाही लावता येतो.

उबवणी
वेटोळे, नराचं पोट बघा. पुष्कळशा हेट पायबॉल्डांच्या पोटाच्या दोन्ही कडांना, शेपटीकडे जाताना, रुळांसारख्या दोन स्वच्छ रेघा असतात. याला पुरावा म्हणायचं नाही. साध्या सापांतही त्या दिसतात आणि खऱ्या हेटात नसतातही. पण बघा.

वेटोळे
रेघा आहेत! डावी जरा तुटक आहे.

तिरकस
डाव्या बाजूला काम चालू आहे, गाड्या उशिराने धावतील.

काकू_कॉर्नवाली
मी कॉर्न स्नेकवाली, पण राहवत नाही म्हणून लिहिते.

माझ्याकडे एक अ‍ॅनेरी मादी होती, लाल रंग अजिबात नाही, राखाडी-काळी. तिला चारकोल नर आणला. तोही राखाडी-काळाच. दोघं शेजारी ठेवले तर घरचे लोक चुकायचे. म्हटलं, आता सगळी पिल्लं राखाडी, शंकाच नको. आली तेरा, आणि तेराही भडक नारिंगी-लाल! आठवडाभर मला वाटत होतं की डब्यांवरच्या चिठ्ठ्या बदलल्या.

चूक माझीच. एकसारखं दिसणं म्हणजे एकच जनुक नव्हे. चारकोलला पूर्वी अ‍ॅनेरी-बी म्हणायचे, त्या नावानेच मी फसले. आईने लालाचा एक नळ बंद केला होता, बापाने दुसराच. पिल्लांना प्रत्येक नळाची एकेक चालू प्रत मिळाली, मग लाल येणारच. दिसतात साधी, पोटात दोन-दोन गुपितं.

अर्धवट_हेट
काकू, बॉल पायथनमध्ये हेच अल्बिनो आणि लॅव्हेंडर अल्बिनोचं. दोन्ही पांढरे-पिवळे, लाल डोळ्यांचे, आणि एकत्र केले की पिल्लं साधी. अ‍ॅक्झॅन्थिकच्याही (ज्यांच्यात पिवळा रंग नसतो) वेगवेगळ्या लायनी आहेत, त्या एकमेकींना ओळखत नाहीत. वेटोळेंच्या बाबतीत हे लागू पडेल का?

पेशीवाला
लागू पडेलसं वाटत नाही, पण विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, थोडं लांबवतो.

सापाच्या कातडीत रंगाच्या पेशी अनेक प्रकारच्या. मेलानोफोर काळा-तपकिरी करतात, झँथोफोर पिवळा, एरिथ्रोफोर लाल, आणि इरिडोफोर रंगद्रव्य बनवतच नाहीत, त्यांच्यात ग्वानिनचे बारीक स्फटिक असतात आणि ते प्रकाश परतवतात. हिरव्या झाडअजगराच्या हिरव्यात हिरवं रंगद्रव्य नसतं. खालून इरिडोफोरचा निळा, वर पिवळ्याचा थर, आपल्याला दिसतो हिरवा.

आता बिघाड दोन तऱ्हेचे. एक, पेशी जागेवर आहे पण रंग बनवता येत नाही. अल्बिनो म्हणजे हेच. बॉल पायथनच्या पाळीव लोकांकडून टाकलेल्या काती गोळा करून २०२२ मध्ये एक अभ्यास झाला. त्यात साध्या अल्बिनोचं मूळ टीवायआर जनुकात सापडलं, लॅव्हेंडरचं ओसीए२ मध्ये, अल्ट्रामेलचं टीवायआरपी१ मध्ये. म्हणजे अर्धवट_हेट जे म्हणतात त्याचं कारणच हे: रंगाच्या कारखान्यात तीन वेगवेगळ्या यंत्रांवरचे बिघाड. काकूंच्या कॉर्न स्नेकांतल्या अमेलचं, म्हणजे काळा रंग नसलेल्याचं, ओसीए२ मध्येच निघालं, २०१५ साली. तिथे तर एक उडता जनुकतुकडा जनुकाच्या मधोमध येऊन बसलाय.

दुसरी तऱ्हा, पेशीच तिथे पोचत नाही किंवा घडत नाही. पायबॉल्ड या घरातला. २०२३ मध्ये त्याचा संबंध टीएफईसी नावाच्या जनुकाशी लागला. संशोधकांनी तेच जनुक अ‍ॅनोल सरड्यात मुद्दाम बिघडवून पाहिलं, तर त्याच्या इरिडोफोर पेशी गायब झाल्या. म्हणून अल्बिनोचा रंग सगळ्या अंगावर सारखा जातो, पायबॉल्डचा तुकड्यातुकड्यांनी. एका पायबॉल्डवर दोन पांढरे पट्टे, त्याच्या सख्ख्या भावाचं अंग डोकं सोडून जवळपास सगळं पांढरं, जनुक मात्र तेच.

वेटोळे
'पाळीव लोकांकडून' =)) माझ्या बाबतीत खरंय, मला सापानेच पाळलंय.

पेशीवाला
अरेरे, 'पाळणाऱ्या लोकांकडून'. आता संपादन होत नाहीये, राहू दे.

कोवळा_वाचक
प्रश्न बाळबोध आहे, हसू नका. मग 'सुपर' म्हणजे काय? सुपर पेस्टल, सुपर सिनॅमन वगैरे वाचतो नेहमी.

मेंडेलचा_वाटाणा
काही बदल असे असतात की एकच प्रत असली तरी अंगावर दिसतात आणि दोन असल्या तर आणखी वेगळे दिसतात. एका प्रतीचा पेस्टल जरा उजळ पिवळा, दोन प्रतींचा फिकट, धुरकट, त्याला सुपर पेस्टल. सगळ्यात नाट्यमय म्हणजे लेसर आणि मोहावी हे दोन रंग. एकेका प्रतीने तपकिरीच साप, पण लेसर गुणिले लेसर केलं की दोन प्रतींचं पिल्लू निळ्या डोळ्यांचं, पांढरंफेक.

साप पाळणारे याला सर्रास कोडॉमिनंट म्हणतात. पुस्तकी भाषेत ते अपूर्ण प्रभावित्व. याबद्दल भांडून मी थकलोय, हवं ते म्हणा.

उबवणी
त्यात बनाना हा रंग आला की आणखी मजा. बनाना नर आणला, पहिल्या क्लचमधली, म्हणजे एका खेपेच्या अंड्यांतली, सगळी बनाना पिल्लं मादी, साधी सगळी नर! मला वाटलं मी लिंगतपासणी चुकीची केली. दुसऱ्या क्लचलाही तेच.

पेशीवाला
त्यावर तर अख्खा इतिहास आहे. सगळ्या सापांत पक्ष्यांसारखीच झेड-डब्ल्यू पद्धत असते, म्हणजे पिल्लाचं लिंग आईकडून ठरतं, असं दीर्घकाळ धरून चालले होते. बनानावाले मात्र सांगत होते की काही नर 'मादीकरे' असतात आणि काही 'नरकरे', आणि नराला बनाना आईकडून आला की बापाकडून यावर ते ठरतं. झेड-डब्ल्यूत हे बसेना. २०१७ मध्ये सिद्ध झालं की अजगर आणि बोआ यांच्यात आपल्यासारखी एक्स-वाय पद्धत आहे. बनानाचं जनुक त्या जोडीवर बसलंय. आईकडून आला तर एक्सवर, मग तो नर मुलींना देणार. बापाकडून आला तर वायवर, मग मुलग्यांना. मधूनच एखादं उलट निघतं, कारण गुणसूत्रं तुकड्यांची अदलाबदल करतात.

घरोघरच्या वह्यांत जे लिहिलेलं होतं ते प्रयोगशाळेत नंतर पोचलं, याचा मला फार आनंद होतो.

तिरकस
नरकरे आणि मादीकरे. लग्नात दोन्ही पक्ष शोभतील.

रात्रपाळी
रंगांचं कौतुक चाललंय तर कडू बोलतोच. माझ्याकडे स्पायडर रंगाचा बॉल पायथन होता. बारीक काळ्या जाळीचा, सोनेरी, दिसायला देखणाच. उंदरावर झेप घ्यायचा आणि हातभर चुकायचा. मग डोकं उलटं करून छताकडे बघत राहायचा. कधी मळसूत्रासारखी मान पिळायची. 'थोडं हलतं डोकं, त्याला काही त्रास नाही' असं सांगून मला दिला होता. मी नऊ वर्षं त्याला चिमट्याने तोंडाजवळ नेऊन भरवलं.

अर्धवट_हेट
रात्रपाळी, दोष पैदाशीतल्या हलगर्जीपणाचाही असेल. मी अगदी स्थिर स्पायडर पाहिलेत.

रात्रपाळी
'स्थिर' म्हणजे तुम्ही पाहिलं त्या दहा मिनिटांत स्थिर. जगातले सगळे स्पायडर १९९९ मध्ये आयात झालेल्या एकाच सापाचे वंशज. पंचवीस वर्षं लोक नव्या रक्ताशी जुळवून 'डुगडुग काढतो' म्हणताहेत, निघाली का? रंग आणि डुगडुग एकाच जनुकाची दोन टोकं आहेत, एक ओढलं की दुसरं येतंच.

पेशीवाला
रात्रपाळींच्या बाजूने. २०२२ मध्ये स्पायडरच्या कवट्यांचे सूक्ष्म सीटी स्कॅन झाले, आतल्या कानातल्या तोल सांभाळणाऱ्या नळ्या आणि पिशवी बिघडलेल्या आढळल्या. यात आश्चर्य कमी आहे. रंगपेशी गर्भात मज्जाशिखेतून, म्हणजे पाठीच्या कडेच्या पेशींतून निघतात, आणि कान घडायलाही त्यांतल्या काही लागतात. पांढऱ्या, निळ्या डोळ्यांच्या मांजरांतला बहिरेपणा याच जातीचा.

काकू_कॉर्नवाली
अर्धवट, रागावू नकोस, पण मी रात्रपाळींना मानते. सुपर सिनॅमनमध्ये बदकासारखं तोंड, कॅरॅमल अल्बिनोत पाठीचा कणा वाकडा, डेझर्टच्या माद्या अंडी घालताना दगावतात. नाकापेक्षा मोती जड झाला. सगळेच रंग असे नसतात हेही तितकंच खरं. माझे अमेल वीस वर्षं ठणठणीत जगतात.

अर्धवट_हेट
ठीक. स्पायडर मी आता करत नाही हेही सांगून टाकतो. वाद घालायची सवय आहे इतकंच.

कोवळा_वाचक
मूळ प्रश्नाकडे: मादीने नराशिवायच पिल्लं दिली असतील का? अजगरात असं होतं असं वाचलंय.

मेंडेलचा_वाटाणा
होतं, आणि शंका चांगली आहे. २०१० मध्ये एका कॅरॅमल रंगाच्या बोआ मादीची २२ पिल्लं प्रसिद्ध झाली. सगळी मादी, सगळी कॅरॅमल. तो रंग अप्रभावी, बापांकडे नव्हता, म्हणूनच बाप नाहीच हे कळलं. पण इथेच आपलं उत्तर आहे. वेटोळेंची मादी पायबॉल्ड. तिने एकटीने पिल्लं दिली असती तर तिच्याकडे द्यायला साधी प्रतच नाही, सहाही पायबॉल्ड निघाली असती. साधी निघाली, म्हणजे बाप आहे. कुणीतरी.

उबवणी
'कुणीतरी' वर मी अडकलेय. वेटोळे, ती दोन 'जरा जास्त पिवळी' पिल्लं. उजेडात फोटो टाका. डोकं जवळून, आणि डोळे.

वेटोळे
टाकले. एकाने फुस्स करून दोनदा फोटो हलवला.

उबवणी
डोळे हिरवट. डोक्यावर फिकट लाली. बाजूच्या ठिपक्यांच्या कडा विरघळल्यासारख्या. ही दोन्ही पेस्टल आहेत.

वेटोळे, तुमचा नर पेस्टल आहे का? मादी आहे का?

वेटोळे
नाही. दोघंही नाहीत.

मेंडेलचा_वाटाणा
पेस्टल एका प्रतीनेही दिसतो. आईबापांत नाही तर पिल्लांत येणार कुठून? हातच्या कांकणाला आरसा कशाला, बाप दुसरा आहे.

तिरकस
मी मक्याच्या लाह्या घेऊन बसलोय.

वेटोळे
पण मी स्वतः तीनदा मीलन पाहिलं!

उबवणी
पाहिलंत ते खरंच. पण मादी तुमच्याकडे मोठी होऊन आली. त्याआधी ती कुणाबरोबर होती? सापाच्या माद्या शुक्राणू साठवून ठेवतात, महिनोन्‌महिने, कधी त्याहून कितीतरी जास्त. पकडल्यापासून पाच वर्षं एकही नर न पाहिलेल्या एका रॅटलस्नेक मादीने पिल्लं दिल्याचं २०११ मध्ये नोंदलं गेलंय. आधीच्या मालकाला विचारा.

वेटोळे
(दोन दिवसांनी) विचारलं. आधी म्हणाले 'तिला कधी जोडीला लावलीच नाही'. मग मी पिल्लांचे फोटो पाठवले. बराच वेळ शांतता. मग: 'हो, एक पेस्टल नर एक रात्र तिच्या टेरेरियममध्ये गेला होता, झाकण नीट लागलं नव्हतं.'

रात्रपाळी
झाकण. नेहमी झाकणच.

काकू_कॉर्नवाली
खाई त्याला खवखवे. फोटो पाहिल्यावर आठवलं बरोबर.

वेटोळे
म्हणजे माझा नर हेट आहे की नाही हे अजूनही माहीत नाहीच. सहाही त्या पेस्टलची असली तर माझ्या नराची परीक्षा झालेलीच नाही.

अर्धवट_हेट
कात पाठवा! पायबॉल्डची जनुकीय चाचणी आता कातीवरून होते. ओली कात प्लॅस्टिकमध्ये घालू नका, बुरशी धरते. सुकवून कागदी पाकिटात, वर सापाचं नाव. दोन सापांच्या काती एका पाकिटात नकोत, मी ते केलंय.

वेटोळे
(तीन आठवड्यांनी) निकाल आला. नर हेट पायबॉल्ड आहे, पक्का. ज्याने दिला त्याची मनातल्या मनात माफी मागितली, उद्या प्रत्यक्षही मागेन.

आता दोन पेस्टल पिल्लं त्या झाकणवाल्याची, हे नक्की. उरलेली चार कुणाची?

मेंडेलचा_वाटाणा
चारही तुमच्या नराची असून पायबॉल्ड न येण्याची शक्यता १/१६. पेस्टल नराच्याही निम्म्या पिल्लांत पेस्टल नसतोच, म्हणजे चारही त्याची असू शकतात, किंवा दोघांची मिसळ. एका क्लचला दोन बाप हे सापांत नवलाचं नाही. नुसतं बघून सांगता येणार नाही. एक मात्र पक्कं: आई पायबॉल्ड, म्हणून बाप कुणीही असो, सहाही १००% हेट पायबॉल्ड.

उबवणी
आणि त्या पेस्टल नराच्या पोटात आणखी काय दडलंय ते कुणालाच माहीत नाही. पिल्लं पुढे कुणाला दिलीत तर हे सांगूनच द्या.

वेटोळे
डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या आहेत. 'आई: पायबॉल्ड. बाप: पेस्टल किंवा घरचा, खात्री नाही. हेट पायबॉल्ड: खात्री आहे.' अक्षर बारीक काढावं लागलं.

तिरकस
पुढच्या खेपेला मादीकडे अजून साठा शिल्लक असला तर?

वेटोळे
तर पुन्हा धागा काढेन. आत्ता सगळ्यात पिवळ्या पिल्लाने पहिली कात टाकली आहे आणि ती तोंडाकडून शेपटीपर्यंत एकसंध निघाली. डोळ्यांच्या दोन टोप्यांसकट. ती मात्र मी ठेवून घेतोय.